द्राक्षबागेला सेन्सर आणि डेटा सेवा: पैसे घालण्याआधी या चुका टाळा

गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची ऑक्टोबरच्या सुमाराची छाटणी, जवळ आली की नाशिकच्या निफाड-दिंडोरी पट्ट्यात मला एक प्रश्न हमखास येतो. "सर, सेन्सर बसवू का? परवडतं का?" गेल्या काही वर्षांत जमिनीतली ओल मोजणारे सेन्सर, बागेतलं हवामान केंद्र, उपग्रहाचे नकाशे आणि या सगळ्यावर मोबाईलवर येणारा सल्ला विकणारे बरेच जण गावोगाव फिरतायत. यंत्राचे पैसे एकदा द्यायचे आणि दरवर्षी वर्गणी भरत राहायची, असा साधारण व्यवहार असतो.

आलेल्या आकड्यामुळे एखादी फवारणी टळणार असेल किंवा मोटर एखादा दिवस बंद राहणार असेल, तर ही सेवा परवडते. मी अशा बागा पाहिल्या आहेत आणि तिथं मी स्वतः ती घ्यायला सांगतो. पण बहुतेक ठिकाणी पैसे वाया जातात ते यंत्र वाईट म्हणून नाही. त्याच त्या चुका होतात, आणि त्या टाळणं अवघड नाही.

ठिबक न तपासता सेन्सर बसवणं

ही चूक मी सगळ्यांत जास्त वेळा पाहतो आणि हिच्यामुळेच सर्वांत जास्त नुकसान होतं.

दिंडोरी तालुक्यातली एक बाग सांगतो. तीन एकर थॉमसन जातीची द्राक्षं, जमीन थोडी उताराची, गेट खालच्या अंगाला. मुलानं हौसेनं सेन्सर घेतला. मणी फुगवणीच्या ऐन काळात त्याचा फोन आला, "सर, अॅपवर ओल पुरेशी दाखवतंय, पण मणी सारखा होत नाहीये." मी गेलो तेव्हा आप्पा, म्हणजे त्याचे वडील, बांधावरच उभे होते. म्हणाले, "वरच्या टोकाच्या वेली दुपारी मान टाकतायत, मी आठवडाभर सांगतोय. हा म्हणतो, अॅप हिरवं आहे."

मी मुलाला विचारलं, "सेन्सर कुठं आहे?"

"गेटजवळ. बसवायला आलेल्या माणसानं तिथंच लावला. तिथं रेंज चांगली होती."

शंभर मिलीचं माप आणि मोबाईलमधलं घड्याळ घेऊन आम्ही ओळीनं ड्रिपर मोजत गेलो. ताशी ४ लिटरचा ड्रिपर असेल तर एका मिनिटात साधारण ६७ मिली पाणी पडायला हवं. गेटजवळ ते बरोबर पडत होतं, उलट थोडं जास्तच. वर सरकत गेलो तसं माप रिकामं राहायला लागलं. शेवटच्या ओळींत निम्मंही भरेना. काही ड्रिपरच्या तोंडावर क्षाराचा पांढरा थर बसला होता. लॅटरलचं, म्हणजे ओळीतल्या ड्रिपरच्या नळीचं, शेवटचं टोक उघडलं तर आधी गढूळ, लालसर पाणी बदाबदा आलं आणि मग कुठं स्वच्छ धार लागली. वर्षभरात ती टोकं कुणी उघडलीच नव्हती.

सेन्सर खोटं बोलत नव्हता. गेटजवळच्या एका ड्रिपरखालची ओल तो इमानानं सांगत होता. त्याच्या भरवशावर तीन एकरांचं पाणी ठरवलं, तिथं घोटाळा झाला. लॅटरल फ्लश केल्या, म्हणजे टोकं उघडून धुतल्या, क्षार विरघळवायला आम्ल प्रक्रिया केली, सेन्सर बागेच्या मध्यावर हलवला आणि त्यानंतर त्याच सेन्सरनं उत्तम काम दिलं. पण त्या हंगामात वरच्या टोकाचा मणी १६ मिलिमीटरच्या खाली राहिला. निर्यातीच्या व्यापाऱ्यानं तो माल बाजूला काढला आणि तो लोकल बाजारात द्यावा लागला.

म्हणून माझी सवय अशी आहे: सेन्सरचं बोलणं सुरू झालं की आधी माप घेऊन बागेत जायचं. प्रत्येक सबमेनवर (लॅटरलना पाणी देणाऱ्या मोठ्या नळीवर) पहिली, मधली आणि शेवटची लॅटरल धरायची, आणि प्रत्येकीवर सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा ड्रिपर मोजायचा. फरक दहा टक्क्यांच्या वर दिसला तर सेन्सरचे पैसे थांबवून ते आधी फिल्टर, फ्लशिंग आणि आम्ल प्रक्रियेवर घालायचे. अनेक बागांना एवढ्यानंच इतका फरक पडतो की सेन्सरची घाई उरत नाही. ज्यांना हे काम कंटाळवाणं वाटतं आणि थेट अॅपच हवं असतं, त्यांना मी स्पष्ट सांगतो की तुम्ही अजून एक वर्ष थांबा.

सेन्सर चुकीच्या जागी, चुकीच्या खोलीवर

बसवायला येणाऱ्या माणसाला दिवसात पाच गावं करायची असतात. तो सोयीची जागा बघणार. जागा तुम्ही दाखवायची: बागेतली सरासरी वेल, बोदाच्या (वेलींच्या ओळीखालच्या मातीच्या वरंब्याच्या) आत, ड्रिपरपासून वीतभर अंतरावर. एकच सेन्सर वरच्या थरात असेल तर वरचा थर सुकला की पाणी सुटतं आणि खाली वाया गेलेलं पाणी कधी कळतच नाही. म्हणून एक सेन्सर साधारण फूटभर खोल आणि दुसरा दोन फूट खोल हवा. खालचा आकडा प्रत्येक पाण्याबरोबर वर उडत असेल तर तुमचं पाणी आणि त्यातलं विद्राव्य खत मुळांच्या खाली चाललंय. या एका गोष्टीसाठी मला सेन्सर मनापासून आवडतो. डोळ्यांनी हे दिसत नाही.

काळ्या भारी जमिनीत भेगा पडतात. भेग सेन्सरला लागून पडली की मध्ये हवा शिरते आणि आकडा एकदम कोसळतो. बसवताना त्याच मातीचा पातळ गारा करून भोकात ओता, मग सेन्सर दाबा. पहिले काही दिवस आकड्यावर निर्णय घेऊ नका, माती बसू द्या. आणखी एक गोष्ट विकणारे सहसा सांगत नाहीत. यातले बरेच सेन्सर मातीची विद्युत धारणक्षमता मोजून ओल काढतात, त्यामुळे खत सोडल्यावर किंवा पाणी खारट असेल तर आकडा फुगतो. फर्टिगेशननंतर, म्हणजे ठिबकातून खत सोडल्यावर, लगेच वाढलेली ओल पाहून मोटर बंद करू नका.

अॅपमध्ये आधीच भरलेली 'योग्य ओल' ही कुणाच्या तरी जमिनीची असते. तुमची तुम्ही काढा. भरपूर पाणी द्या, जास्तीचं पाणी खाली उतरायला एक-दोन दिवस द्या, फावड्यानं माती उकरून हातात दाबून बघा. वाफसा आला असं तुमचा हात सांगेल तेव्हा अॅपवर जो आकडा असेल तो पंप घराच्या भिंतीवर लिहून ठेवा. खरड छाटणीनंतर, म्हणजे एप्रिलच्या सुमाराच्या छाटणीनंतर, काडीत घडनिर्मिती होण्याच्या काळात आपण पाण्याचा ताण मुद्दाम देतो. तेव्हा अॅप लाल झालं म्हणून घाबरून मोटर सुरू केलेल्या बागा मी पाहिल्या आहेत. मग काडीत घड कमी मिळतात.

रोगाच्या इशाऱ्याला फवारणीचा हुकूम समजणं

डाउनी आणि भुरी हे द्राक्षाचे दोन नेहमीचे रोग. डाउनीला पानावर पाण्याचा थर लागतो. भुरीला तसा लागत नाही, तिला दमट आणि ढगाळ हवा पुरते. पानावरची ओल मोजणारा सेन्सर म्हणूनच डाउनीसाठी कामाचा आहे, आणि तोही मांडवाच्या आत, पानांच्या उंचीवर असला तर. घराच्या गच्चीवर किंवा बांधावरच्या खांबावर लावलेला सेन्सर सकाळच्या पहिल्या उन्हात सुकतो, तर आत पानं अजून ओली असतात. अॅप 'धोका कमी' सांगतं आणि बागेत डाउनी शिरते.

इशारा आला की माझी पद्धत ठरलेली आहे. शेवटची फवारणी कधी झाली, त्यानंतर किती पाऊस झाला, किती नवी पानं फुटली, एवढं आधी वहीत बघतो. मग बागेतून फिरतो आणि पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळा डाग शोधतो. शंका असेल तर ते पान ओलसर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर ठेवतो. सकाळी खालच्या बाजूला पांढरी बुरशी दिसली की डाउनी. छाटणीनंतर मणी सेट होईपर्यंतच्या नाजूक काळात मी इशारा हलका घेत नाही. पण त्यानंतरही प्रत्येक इशाऱ्याला फवारणी करायची असेल तर सेन्सरनं वाचवलं काय? अशा बागेत औषधाचा खर्च वाढलेला मी पाहिला आहे. निर्यातीच्या बागेत तर काढणीपूर्व प्रतीक्षा काळ (शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे दिवस) आणि मालात राहणारा औषधाचा उर्वरित अंश यांचा प्रश्न असतो, त्यामुळे टळलेली प्रत्येक फवारणी दुप्पट मोलाची असते.

फुकट मिळणाऱ्या गोष्टीला पैसे मोजणं

उपग्रहाचा हिरवा-लाल नकाशा बघून माणूस भारावतो. यातले बरेच नकाशे युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या चित्रांवरून होतात आणि ती चित्रं कुणालाही मोफत बघता येतात. त्यांचा एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा असतो, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. नऊ बाय पाच फुटांवर लागवड असेल तर एका ठिपक्यात चोवीसेक वेली, शिवाय ओळींमधलं गवत. एकराला चाळीस ठिपके, त्यातले कडेचे बांधाशी आणि शेजारच्या उसाशी मिसळलेले. पावसाळ्यात वर ढग. पन्नास एकर सलग उसाला हा नकाशा उपयोगी आहे, दीड एकर द्राक्षाला त्याची वर्गणी भरू नका. लाल ठिपका दिसला तरी कारण शोधायला पायीच जावं लागतं.

हवामानाचंही तसंच. 'मेघदूत' अॅप मोफत आहे. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा हवामानावर आधारित सल्ला मोफत असतो. महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळांत उभी आहेत. आधी एक हंगाम हे वापरून बघा. ते वाचायचीही सवय लागली नाही, तर विकतचा सल्लाही वाचला जाणार नाही.

हिशेब न मांडणं, तुलना न ठेवणं

"यंदा माल छान आला, सेन्सरचा फायदा झाला." हे वाक्य ऐकलं की मी विचारतो, शेजारच्याचा कसा आला? बऱ्याचदा त्याचाही छानच आलेला असतो, कारण वर्षच चांगलं गेलेलं असतं. आणि अवकाळीनं मार दिला की तोच माणूस सेन्सरला शिव्या देतो. दोन्ही निष्कर्ष निराधार आहेत.

यावर माझा आग्रह एकच, आणि त्यावर मी तडजोड करत नाही. जिथं स्वतंत्र व्हॉल्व्ह आहे असा एक प्लॉट जुन्या पद्धतीनंच चालू ठेवा. त्याचं पाणी, खत, फवारण्या आणि माल वेगळा लिहा. नव्यानं सेन्सर घेणाऱ्यांना याचा फार कंटाळा येतो. "सगळीकडेच वापरू ना, कशाला थांबायचं?" पण हा प्लॉट नसेल तर पुढच्या वर्षी वर्गणी भरायची का, हे ठरवायला तुमच्याकडे विकणाऱ्याच्या शब्दाशिवाय काहीच नसतं.

हिशेब कागदावर असा मांडतो. समजा यंत्र ४० हजारांचं आहे आणि पाच वर्षं टिकलं, तर वर्षाला ८ हजार. वर्गणी ६ हजार. झाले १४ हजार. समजा तुमच्याकडे एका फवारणीला औषध, डिझेल आणि मजुरी धरून एकरी २,५०० रुपये जातात. दोन एकर बाग असेल तर एक फवारणी ५ हजारांची, म्हणजे वर्षाला तीन फवारण्या वाचल्या तरच पैसे वसूल. बाग सहा एकर असेल तर एकच वाचली तरी पुरे. आकडे तुमच्या वहीतले घाला, पण छापील पत्रकावरची 'इतके टक्के बचत' या हिशेबात घालू नका. पाण्याची बचतही जपून धरा. टँकर घेणाऱ्याला ती रोख दिसते, कॅनॉलवाल्याला तेवढी नाही.

म्हणून माझं मत असं: पाच-सहा एकरांच्या पुढची, निर्यातीची, रोज बागेत जाणारं कुणीतरी घरात असलेली बाग असेल तर घ्या. एक-दोन एकरवाल्यांनी हवामान केंद्र शिवारातल्या चार-पाच जणांत मिळून घ्यावं. सपाट शिवारात जवळजवळच्या बागांना ते चालतं. ओलीचा सेन्सर मात्र वाटून घेता येत नाही, एका बांधाआड माती बदलते. कांद्यासाठी विचाराल तर मी सध्या नको म्हणतो. तिथं भावाचा फटका इतका मोठा असतो की पाण्यातली बचत त्यात दिसतही नाही.

बारामतीच्या उसाच्या प्रयोगाचं, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या (एआय) सल्ल्यानं ऊस घेण्याच्या प्रयोगाचं, नाव हल्ली प्रत्येक जण काढतो. चांगलं काम आहे. पण तिथं सेन्सर आणि उपग्रहाच्या जोडीला कृषी विकास ट्रस्टचे तज्ज्ञ उभे आहेत. तुम्हाला विकलं जातं त्यात ते तज्ज्ञ येतात का, हे आधी विचारा.

थोडक्यात सांगण्यासारख्या आणखी गोष्टी

पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पाला आणि कोळ्याची जाळी अडकतात. दर पंधरवड्याला साफ करा, नाहीतर पाऊस पडूनही शून्य दिसेल.

सेन्सरच्या सौर पॅनलवर ब्लोअरच्या (ट्रॅक्टरवरच्या फवारणी यंत्राच्या) फवाऱ्याचा थर बसतो. फवारणीनंतर ओल्या फडक्यानं पुसा.

अॅप मुलाच्या मोबाईलवर आणि मोटरची चावी वडिलांकडे, असं असेल तर इशारा वाया जातो. दोघांच्याही फोनवर अॅप ठेवा.

अॅपमधली नोंद म्हणजे फवारणीची वही नव्हे. निर्यात नोंदणीसाठी वही लिहावीच लागते.

माती परीक्षण आणि देठ परीक्षण (पानाच्या देठातली अन्नद्रव्यं तपासणं) सोडून सेन्सर घेऊ नका.

वर्गणी बंद झाली तर जुने आकडे कुणाचे, हे घेतानाच लेखी घ्या. दर महिन्याला सगळी माहिती उतरवून घेता येत नसेल, तर ती सेवा मी सुचवत नाही. तीन हंगामांची ओल, पाऊस आणि फवारण्या एकत्र असतील तर पुढच्या छाटणीची तारीख ठरवताना त्या कामी येतात, मग कंपनी तीच राहो की बदलो.