कुठे अडलंय ते आधी शोधा: ब्रेक्झिटनंतर लेस्टरमध्ये किचन चालवताना

इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये मी डबे पुरवते आणि लग्नकार्याच्या ऑर्डरी घेते. रोजचे ऐंशी-नव्वद डबे, उन्हाळ्यात शनिवार-रविवारी कार्यं. इकडे नव्याने किचन काढणाऱ्या कुणी ना कुणी दर महिन्याला फोन करतात आणि विचारतात, "ताई, माणसं टिकत नाहीत, माल वेळेवर येत नाही, तुम्ही कसं जमवता?" प्रत्येकीशी तासभर बोलण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते.

सगळ्यात आधी एक शंभर पानी वही आणा. किचनमध्ये लागणाऱ्या प्रत्येक जिनसेला अर्धं पान द्या आणि चार गोष्टी लिहा: कुठे पिकतं किंवा बनतं, कुठल्या वाटेने येतं, तुमच्या दारात कोण आणून टाकतं, ऑर्डर दिल्यापासून किती दिवसांनी येतं. खोक्यावर छापलेलं असतं, नसेल तर पुरवठादाराला विचारा. सांगायला कंटाळा करतो त्याच्या नावापुढे फुली मारा.

वही कशाला? तर "ब्रेक्झिटमुळे (म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यामुळे) माल नाही" हे इथलं सगळ्यात सोपं उत्तर झालंय. २०२३ च्या फेब्रुवारीत टोमॅटो, काकडी, ढबू मिरची गायब झाली, सुपरमार्केटवाले माणशी तीनच पाकिटं देत होते. मुख्य कारण होतं स्पेन आणि मोरोक्कोतली थंडी, शिवाय इथल्या आणि हॉलंडच्या काचघरांना वीज-गॅस परवडत नव्हता. (त्याच आठवड्यात पर्यावरणमंत्री थेरेसा कॉफी पार्लमेंटमध्ये उभ्या राहून सलगमचं कौतुक करत होत्या. सलगमची कोशिंबीर मी करून बघितली. परत केली नाही.) २० जुलै २०२३ ला भारताने बासमती सोडून बाकीच्या पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, तेव्हा माझा कोलम संपला. त्याचा ब्रिटनच्या सीमेशी काडीचा संबंध नव्हता. २०२२ मधलं सूर्यफुलाचं तेल युक्रेनच्या युद्धाने अडवलं.

हा फरक कळला तर उपाय कळतो. थंडीने अडलेला माल महिन्याभरात परत येतो, तोवर टिनमधला टोमॅटो आणि आंबटपणाला चिंच-आमसूल वापरा. निर्यातबंदी वर्षभरही चालते, तिथे तांदूळच बदलावा लागतो आणि गिऱ्हाइकाला तसं सांगावं लागतं. ब्रेक्झिटने मात्र दोन गोष्टी कायमच्या बदलल्या, माणसं आणि कागद. त्यांची वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

माणसांचं आधी सांगते, कारण ते जास्त दुखतं.

माझ्याकडे २०१४ पासून एक पोलिश बाई होती. मराठीचा गंध नाही, पण घडीची पोळी अशी लाटायची की आमच्या सांगलीच्या आत्याबाईंनी विचारलं, "ही कुठल्या गावची?" पहाटे साडेचारला यायची, नऊपर्यंत तीनशे पोळ्या. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ती पोलंडला परत गेली, आणि १ जानेवारी २०२१ पासून युरोपातून येऊन मुक्तपणे काम करायची सोय संपली. तिच्या जागेसाठी मी तीन महिने जाहिरात दिली. पगारावर कुणी अडलं नाही, सगळे अडले वेळेवर. साडेचारची पाळी इथल्या कुणालाच नको होती.

म्हणून पहिली गोष्ट, माणूस शोधण्याआधी काम बदलून बघा. मी पाळी साडेसातची केली आणि डबे साडेबाराला निघू लागले. पूर्वी बाराला निघायचे. अर्ध्या तासासाठी तीन गिऱ्हाइकं सोडून गेली, बाकी राहिली. पोळ्यांचं यंत्र घेतलं. त्याची पोळी फुगते पण तिला पदर सुटत नाहीत, म्हणून मेन्यूवर 'घडीची पोळी' खोडून 'फुलके' लिहिलं. खोटं लिहू नका, आपल्या लोकांना पहिल्या घासाला कळतं.

दुसरं, मजुरी धरून हिशोब करा. वीस किलो कांदा सोलून चिरायला एका माणसाला दीड तास लागतो. एप्रिल २०२५ मध्ये किमान वेतन ताशी १२.२१ पौंड झालं, म्हणजे अठरा पौंड नुसते चिरण्याचे. २०१६ मध्ये हाच दर ७.२० होता, तेव्हा सोललेला कांदा विकत घेणं म्हणजे उधळपट्टी वाटायची. आता मी सोललेलाच घेते. आलं-लसूण मात्र घरीच वाटते. बाटलीतल्या पेस्टला जो वास येतो तो मला सहन होत नाही, आणि हा हिशोबाचा प्रश्न नाही.

तिसरं, कागद तपासल्याशिवाय एक तासही काम देऊ नका. "ओळखीतला आहे, रोख देऊन टाकू" हा सल्ला तुम्हाला मिळणारच. फेब्रुवारी २०२४ पासून कामाचा हक्क नसलेला माणूस सापडला तर पहिल्या खेपेलाच दंड माणशी ४५,००० पौंडांपर्यंत आहे, पुन्हा सापडला तर ६०,००० पर्यंत. किचन विकावं लागेल.

तपासायचं असं. व्हिसावर असलेल्या किंवा युरोपियन सेटलमेंट (ब्रेक्झिटआधीपासून इथे असलेल्या युरोपीयांना राहायचा हक्क) मिळालेल्या माणसाकडून शेअर कोड, म्हणजे त्याचा कामाचा हक्क ऑनलाइन तपासायचा कोड, मागा. तो नऊ अक्षरांचा असतो आणि कामासाठीचा कोड डब्ल्यूने सुरू होतो. सरकारी संकेतस्थळावर मालकांसाठी जे पान आहे तिथे तो कोड आणि जन्मतारीख टाका. फोटो उघडेल, तो समोरच्या चेहऱ्याशी जुळवा आणि ते पान तारखेसकट जपून ठेवा. माणूस काम सोडून गेल्यावरही दोन वर्षं ठेवायचं असतं. त्याने स्वतःच्या फोनवर दाखवलेला स्क्रीन चालत नाही. फ्रेंच किंवा पोलिश पासपोर्टही १ जुलै २०२१ पासून पुरावा म्हणून चालत नाही. आयरिश पासपोर्ट चालतो.

विद्यार्थ्यांबाबत मी एकदा फसता फसता वाचले. पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास काम करता येतं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ते वीस तास सगळ्या नोकऱ्या मिळून असतात आणि आठवडा सोमवारी सुरू होतो, हे पाठ नसतं. माझ्याकडच्या एका मुलाला मी दहा तास देत होते. सहज बोलता बोलता कळलं की तो एका गोदामातही बारा तास करतो. त्याला वाटत होतं नोकरीगणिक वीस! तेव्हापासून मी दर सोमवारी विचारते, दुसरीकडे किती झाले? आणि कॉलेजच्या सत्राच्या-सुट्टीच्या तारखांचा लेखी पुरावा फाइलला लावते, तो ठेवणं मालकाला बंधनकारकच आहे.

गावाहून आचारी आणायचा विचार डोक्यात असेल तर काढून टाका. २०१६ मध्ये तेव्हाच्या मंत्री प्रीती पटेल सांगत होत्या की युरोपातून बाहेर पडलो की करी रेस्टॉरंटांना दक्षिण आशियातून आचारी आणणं सोपं होईल. झालं उलटं. एप्रिल २०२४ मध्ये कुशल कामगार व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण अट ३८,७०० पौंडांवर गेली. २२ जुलै २०२५ पासून ती ४१,७०० आहे आणि कामाचा दर्जा पदवीच्या पातळीचा लागतो, त्यात आचारी बसत नाही. आपल्याकडे एजंट लाख-दोन लाख घेऊन "करून देतो" म्हणतात. त्यांना बाहेरचा रस्ता दाखवा.

माणसं मिळतात ती इथलीच. नोकरी करणाऱ्यांचे डिपेंडंट व्हिसावर आलेले जोडीदार, मुलांना शाळेत सोडून येणाऱ्या बाया. त्यांची पाळी साडेनऊ ते अडीच ठेवा, वर्षानुवर्षं टिकतात. शाळेच्या सुट्ट्यांत मात्र त्या येणार नाहीत, तेव्हा मोठ्या ऑर्डरी घेताना शाळेचं कॅलेंडर समोर ठेवा.

आता कागद. तुम्ही स्वतः आयात करत नसाल तरी हे वाचा, कारण अडणारी गाडी तुमचीच असते.

मे २०२४ मधली गोष्ट. शनिवारी सव्वादोनशे पानांचं लग्न, गुरुवारी सकाळी हॉलंडहून माझी ढबू मिरची आणि हिरवी मिरची यायची होती. आली नाही. फोन केला तर गाडी केंटमध्ये थांबवलेली. माझ्या मालाचे कागद नीट होते. त्याच गाडीत दुसऱ्या कुणाचं तरी चीज होतं, त्याच्या आरोग्य-दाखल्यात चूक होती. एकाचं खोकं अडलं की आख्खी गाडी अडते. माल आला शनिवारी दुपारी दोनला, पंगत बसल्यावर. वरची खोकी ठीक होती, तळाच्या दोन खोक्यांचा पुठ्ठा ओला झाला होता आणि मिरच्यांचे देठ बोटाने दाबले की आत जात होते. भरल्या मिरचीऐवजी त्या दिवशी आम्ही बटाट्याची सुकी भाजी वाढली. वधूची आई अजून मला मिरचीवरून टोमणा मारते.

त्यामागचं कारण समजून घ्या. ३१ जानेवारी २०२४ पासून युरोपातून येणाऱ्या मांसाला आणि बऱ्याचशा दुग्धजन्य पदार्थांना पशुवैद्यकाचा दाखला लागू लागला, ३० एप्रिलपासून प्रत्यक्ष तपासणी. डोव्हर बंदर आणि युरोटनेल (समुद्राखालचा बोगदा) मार्गे येणाऱ्या अशा मालावर कागदातल्या प्रत्येक जिनसेच्या ओळीमागे १० किंवा २९ पौंड शुल्क बसलं, एका खेपेला जास्तीत जास्त १४५. पुरवठादार ते शेवटी तुमच्याच बिलात घालतो. म्हणून पुरवठादाराला पहिला प्रश्न विचारा, "माझ्या भाजीबरोबर गाडीत काय असतं?" मी आता नुसत्या भाजीच्या गाडीनेच माल मागवते. थोडी महाग पडते.

दुसरा प्रश्न, "तू कुठून उचलतोस?" माझ्याकडे दोन भाजीवाले होते आणि एक चुकला तर दुसरा आहे म्हणून मी निवांत होते. २०२१ च्या उन्हाळ्यात दोघेही एकाच दिवशी चुकले. दोघे त्याच घाऊक बाजारातल्या त्याच गाळ्यावरून उचलत होते! त्या वर्षी मालवाहतुकीच्या संघटनेच्या अंदाजाने देशात एक लाख ट्रकचालक कमी होते. युरोपीय चालक परत गेलेले, कोविडमुळे लायसनच्या परीक्षा तुंबलेल्या, त्यात कराचे नियम बदललेले. सप्टेंबरमध्ये पेट्रोल पंप कोरडे पडले आणि ऑक्टोबरमध्ये सैनिक टँकर चालवायला आले. सरकारने पाच हजार तात्पुरते व्हिसा जाहीर केले, पण दोन-तीन महिन्यांच्या कामासाठी घर सोडून कोण येणार? तेव्हापासून माझी व्हॅन टाकी अर्ध्यावर आली की भरते. कॅनमध्ये साठवू नका, किचनशेजारी तर अजिबात नाही.

स्वतः आयात करायची असेल तर जीबीने सुरू होणारा ईओआरआय क्रमांक (आयातदाराचा कस्टम्स नंबर) काढा, मालाचा कमोडिटी कोड (कस्टम्सच्या यादीतला त्या मालाचा क्रमांक) शोधा आणि कस्टम्सचं काम एजंटला द्या. पहिल्या वर्षी स्वतः करायच्या भानगडीत पडू नका. एक खाचखळगा सांगून ठेवते. युरोपशी शून्य जकातीचा करार आहे तो युरोपात तयार झालेल्या मालासाठी. भारतात बनलेले स्टीलचे डबे रॉटरडॅमच्या गोदामातून आले म्हणून ते युरोपीय होत नाहीत. त्यांना भारतीय मालाचाच दर लागतो. रॉटरडॅमचा व्यापारी "नो ड्यूटी" म्हणाला तर त्याच्याकडून उगमाचं लेखी निवेदन मागा, बहुतेक वेळा तो गप्प होतो.

१९ मे २०२५ ला लंडनमध्ये ब्रिटन आणि युरोपने अन्नाच्या तपासण्या कमी करणारा करार करायचं ठरवलं. चांगलंच आहे. पण नियम छापून हातात पडेपर्यंत जुन्याच कागदांवर चला.

साठा किती ठेवायचा? डाळ-तांदूळ सहा आठवडे. लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा चार आठवडे पुरले नाहीत. टोमॅटोचे डबे तीन आठवडे. भाजी साठवता येत नाही, तिथे मेन्यू ढिला ठेवा.

म्हणजे ऑर्डर घेताना पदार्थाचं नाव पक्कं लिहायचं नाही. माझ्या कोटेशनवर असं असतं: "एक हंगामी रस्साभाजी, एक सुकी भाजी, नावं आठ दिवस आधी कळवू. दर चौदा दिवसांपुरते." सुरुवातीला लोक कुरकुरतात, मग सही करतात.

मे महिन्यातल्या लग्नांना आमरस हवाच असतो. हापूसवर युरोपने १ मे २०१४ पासून बंदी घातली होती, बरोबर अळू आणि कारलीही. तेव्हा इथले दुकानदार म्हणायचे, युरोपातून बाहेर पडलो की आंबा आपला. आंब्यावरची बंदी जानेवारी २०१५ मध्येच उठली, ब्रेक्झिटच्या सार्वमताच्या दीड वर्ष आधी. आंबा येतो विमानाने आणि विमानात जागा मिळेल त्या दिवशी. त्यामुळे माझ्याकडे छापलेलं असतं 'आमरस किंवा श्रीखंड', आणि 'किंवा'च्या खाली मी पेनने रेघ मारून देते.