अळी दिसली म्हणजे ट्रायकोकार्डाची वेळ टळली

पावसाने उघडीप दिली की संध्याकाळी पिकावर पतंगांची ये-जा वाढते. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या गंधाने नराला ओढणाऱ्या सापळ्यात, नर पतंग अडकू लागले म्हणजे माद्यांनी अंडी घालायला सुरुवात केली असं समजा. ट्रायकोकार्ड म्हणजे ट्रायकोग्रामा ही मित्रमाशी आत वाढत असलेल्या अंड्यांचं कार्ड. ते लावायचं ते याच दोन-तीन दिवसांत. पुष्कळ जण पान कुरतडलेलं दिसल्यावर धावाधाव करतात. पण ट्रायकोग्रामाला अळीशी काही देणंघेणं नाही, तिला लागतं अंडं. घाटेअळीचं अंडं तर उबदार हवेत तीन-चार दिवसांतच फुटतं.

ही माशी गांधीलमाशीच्या गोतावळ्यातली, पण जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. माणसाला चावत नाही, डसत नाही. पतंगाचं अंडं चाचपून त्याला भोक पाडते आणि आपलं अंडं आत सोडते. तीन-चार दिवसांत ते पांढरट अंडं काळं पडतं आणि आठ-दहा दिवसांनी त्यातून अळीऐवजी माशी निघते. भिंग घेऊन पान उलटून बघा. काळं अंडं दिसलं की आपलं काम चालू आहे.

एका कार्डावर साधारण 20 हजार अंडी असतात. ती साठवणीच्या धान्यावरच्या पतंगाची, आणि त्यातला जीव आधीच मारलेला असतो, त्यामुळे शेतात नवी कीड येईल ही भीती नको. माशी आपणहून पाच-दहा मीटरच्या पलीकडे फारशी जात नाही, म्हणून अख्खं कार्ड एका झाडाला लटकवू नका. पट्ट्या कापा, शेतभर पसरून पानाच्या खालच्या बाजूला टाचा. वेळ सकाळची किंवा ऊन उतरल्यावरची. एकदा मी भर दुपारी टाचल्या होत्या. संध्याकाळी जाऊन बघतो तर मुंग्यांची रांग लागलेली आणि पट्ट्या जवळजवळ कोऱ्या! दर आठवड्याला नवं कार्ड लागतं, कारण पतंग काही एकाच रात्री अंडी घालून थांबत नाहीत. कार्डावर माश्या चालताना दिसल्या तर त्याच दिवशी लावून टाका.

तंबाखूवरची पाने खाणारी अळी मात्र वेगळी. तिची मादी पुंजक्याने अंडी घालते आणि वरून केसांचं पांघरूण घालते. ट्रायकोग्रामा त्यात खोलवर पोचत नाही. तिथे टेलेनोमस रेमस ही अंड्यांवरचीच दुसरी मित्रमाशी कामाची. ती पुंजक्यात शिरते. नाही मिळाली तर पुंजकेच तोडून नष्ट करा.

अळ्या झाल्याच, तरी लगेच पंप उचलू नका. आधी शेतातून एक चक्कर मारा. सुस्त अळीभोवती तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे-पिवळे कोष दिसले तर ते तिची अंडी नव्हेत. कोटेशिया या अळीत वाढणाऱ्या मित्रमाशीची पिल्लं तिला आतून पोखरून बाहेर आलेली आहेत. अळीच्या मानेजवळ पांढरे ठिपके चिकटलेले असतील तर ती टॅकिनिड या अळीवरच वाढणाऱ्या मित्रमाशीची अंडी. अशा अळ्या चिरडू नका, राहू द्या.

कार्डाच्या आधी आणि नंतर किमान आठवडाभर रासायनिक कीटकनाशक नको, सिंथेटिक पायरेथ्रॉइड तर नकोच. बांधावर कोथिंबीर, बडीशेप, मोहरी फुलू द्या. पूर्ण वाढलेल्या मित्रमाश्यांचं पोट त्या फुलांतल्या मधावरच भरतं. कोथिंबिरीच्या दोन ओळी काढणीशिवाय सोडायला जीवावर येतं खरं, पण सोडा.