योक्टो बिल्डमध्ये डिपेंडन्सी सापडत नसेल तर

योक्टो म्हणजे एखाद्या बोर्डसाठी स्वतःचं लिनक्स तयार करायची साधनं; डिपेंडन्सी म्हणजे एका सॉफ्टवेअरला लागणारं दुसरं सॉफ्टवेअर. ती सापडत नसेल, तर आधी एरर नीट वाचा. 'नथिंग प्रोव्हाइड्स' म्हणजे बिटबेकला (योक्टोचं बिल्ड चालवणारं साधन) त्या नावाची वापरण्याजोगी रेसिपीच (सॉफ्टवेअर कसं बिल्ड करायचं ते सांगणारी फाइल) मिळाली नाही. नाव तपासा: डिपेंड्समध्ये (बिल्डसाठी काय लागतं ती रेसिपीतली यादी) रेसिपीचं नाव लागतं, डेबियन लिनक्सच्या पॅकेजचं नाही. 'लिबएसएसएल-डेव्ह' नव्हे, 'ओपनएसएसएल'. नाव बरोबर असेल, तर लेयर (रेसिपींचा संच) जोडायचा राहिला असेल. उदाहरणार्थ, मॉस्किटो हे सॉफ्टवेअर हवं असेल तर मेटा-नेटवर्किंग लागतो, आणि त्याच्याआधी मेटा-ओई व मेटा-पायथन. सगळ्या लेयरची ब्रँच (कोडची शाखा) योक्टोच्या एकाच रिलीजची ठेवा; सुसंगततेची तपासणी बंद करून पुढे जाऊ नका, तो त्रास पुढे दुप्पट होऊन परत येतो. एररखाली 'स्किप्ड' दिसलं, तर रेसिपी आहे, पण मशीन, लायसन्स अशा एखाद्या अटीमुळे वगळली गेली आहे.

बिल्डच्या कॉन्फिगर पायरीवर 'पीकेजी-कॉन्फिग'ला (लायब्ररी शोधून देणारं साधन) लायब्ररी सापडली नाही, तर त्या रेसिपीच्या टेम्प फोल्डरमधला लॉग उघडा. २०१७ पासून प्रत्येक रेसिपीला स्वतंत्र सिसरूट (बिल्डला लागणाऱ्या लायब्ररी आणि हेडरचं फोल्डर) मिळतो, त्यात मुख्यतः डिपेंड्समध्ये लिहिलेलं आणि त्याला लागणारंच येतं. तुमच्या मशीनवर लायब्ररी असून उपयोग नाही. बिल्ड चालू असताना चालवायचं साधन असेल, तर नावाच्या शेवटी '-नेटिव्ह' हवं.

बिल्ड झालं, पण बोर्डवर प्रोग्रॅम उघडत नाही? लिंक केलेल्या लायब्ररी योक्टो स्वतः ओळखतो. डीएलओपनने (प्रोग्रॅम चालू असताना लायब्ररी उघडणारं फंक्शन) उघडलेले प्लगइन आणि पायथन मॉड्यूल मात्र त्याला कळत नाहीत. ती पॅकेजं आरडिपेंड्समध्ये (प्रोग्रॅम चालताना काय लागतं ती यादी) हातानेच लिहावी लागतात.