न्यूक्लिअर रिसेप्टर आणि दाह : नव्या संशोधकांसाठी काही अनुभव

रोगप्रतिकारशास्त्रातून न्यूक्लिअर रिसेप्टरांकडे, म्हणजे बहुधा संप्रेरकासारखा रेणू जोडला गेला की जनुके सुरू किंवा बंद करणाऱ्या पेशीतल्या प्रथिनांकडे, वळणाऱ्या विद्यार्थ्याने माणसातल्या ४८ रिसेप्टरांची नावे पाठ करण्यात वेळ घालवू नये. ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर, म्हणजे अधिवृक्क ग्रंथीच्या कॉर्टिसोलसारख्या संप्रेरकांचा रिसेप्टर, हा एकच नीट समजून घेतला, तर बाकीच्यांचे वाचन पुष्कळ सोपे जाते, असा माझा अनुभव आहे. अधिवृक्क ग्रंथीच्या संप्रेरकांवरील कामासाठी केंडाल, राइशस्टाइन आणि हेंच यांना १९५० साली नोबेल मिळाले. पण कॉर्टिझोनसारखी औषधे ज्याच्यामार्फत काम करतात, त्या रिसेप्टरचे जनुक हाती यायला १९८५ साल उजाडले. संप्रेरक नसताना हा रिसेप्टर पेशीद्रवात एचएसपी-९० या प्रथिनाच्या सोबतीने थांबलेला असतो. संप्रेरक जोडले गेले की तो केंद्रकात शिरतो, डीयूएसपी-१ सारखी दाह आवरणारी जनुके सुरू करतो आणि एनएफ-कप्पा-बी या जनुके चालू करणाऱ्या प्रथिनाच्या हुकमाने चालणारी दाहाची जनुके दाबतो.

हा प्रवास एकदा तरी सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहावा. रिसेप्टरला चमकणारी खूण जोडून डेक्सामेथासोन हे कॉर्टिझोनसारखे औषध दिल्यावर तासाभराच्या आतच पेशीभर पसरलेली चमक केंद्रकात गोळा झालेली दिसते, आणि पुस्तकातली आकृती खरी वाटू लागते. मात्र त्याआधी पेशी वाढवण्याच्या माध्यमात घातलेल्या सीरमकडे, म्हणजे रक्तातून काढलेल्या द्रवाकडे, लक्ष द्यावे. नेहमीच्या सीरममध्ये मुळातच स्टेरॉइड असतात, त्यामुळे ज्या पेशींना आपण काहीच दिले नाही असे समजतो, त्यांनाही संप्रेरक मिळतच असते. म्हणून कोळशाची प्रक्रिया करून स्टेरॉइड काढून टाकलेले सीरम वापरावे. इस्ट्रोजेन रिसेप्टरवर काम असेल तर माध्यमातला फिनॉल रेड हा इस्ट्रोजेनसारखा परिणाम करू शकणारा रंगसुद्धा काढून टाकावा. औषध ज्या द्रावकात विरघळवले, तेवढाच द्रावक कंट्रोलमध्ये, म्हणजे औषध न दिलेल्या पेशींत, घालायचा, हे सांगायला नकोच.

‘न्यूक्लिअर रिसेप्टर म्हणजे दाहशामक’ हे समीकरण मात्र मनात पक्के होऊ देऊ नये. आरओआर-गॅमा-टी हा त्याच कुळातला रिसेप्टर टीएच-१७ या रोगप्रतिकारक पेशी घडवतो, आणि सोरायसिस या त्वचारोगात त्याच पेशींचे आयएल-१७ हे संदेशवाहक प्रथिन दाह भडकवते. ड जीवनसत्त्वाचा रिसेप्टर माणसाच्या मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशींमध्ये कॅथेलिसिडिन हे जंतुनाशक पेप्टाइड तयार करवतो, पण उंदराच्या त्याच जनुकाजवळ या रिसेप्टरला बसायला जागाच नसते. त्यामुळे या प्रश्नावर काम करायचे असेल, तर माणसाच्या रक्तातून वेगळे केलेले मोनोसाइट (ज्यांपासून मॅक्रोफेज बनतात त्या पेशी) वाढवण्याची सवय सुरुवातीलाच करून घ्यावी.