सायकलिंगचे कपडे ऑनलाइन घेतले आणि बसले नाहीत, तर परत कसे पाठवायचे

पॅडवाली सायकलिंग शॉर्ट आत काहीही न घालता वापरायची असते. परतीची बरीचशी भांडणं इथूनच सुरू होतात. विकणारा म्हणतो, अंगाला लागलेला माल मी परत घेणार नाही. घेणारा म्हणतो, घातल्याशिवाय कळणार कसं? दोघांचंही खरं आहे. म्हणून परतीची तयारी ऑर्डर टाकायच्या आधीच करावी लागते.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत युनिफॉर्मच्या कारखान्यात मी माल तपासायला असते. शाळेच्या चड्ड्या नि शर्ट उलटे करून शिवण बघायची, पास की रिजेक्ट ते ठरवायचं, हे काम. सकाळी सायकल. त्यामुळे आमच्या ग्रुपात कुणाचं पार्सल आलं की फोटो आधी माझ्या व्हॉट्सॲपवर येतो, ‘ताई, हे परत जाईल का ओ?’ त्या सगळ्यांना सुटं सुटं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहिते.

विकणारा कोण, ते आधी बघा

मार्केट यार्डाचं नाव एक, पण आत प्रत्येक गाळ्याचा आडत्या वेगळा. शॉपिंग ॲपचंही तसंच. वर नाव ॲपचं, माल मात्र लुधियानाच्या नाहीतर तिरुपूरच्या कुणा विक्रेत्याचा. एकाच जर्सीच्या पानावर चार विक्रेते असू शकतात, आणि चौघांचे परतीचे नियम वेगळे असू शकतात. साठ रुपये स्वस्त दिसला म्हणून विक्रेता बदलला की त्याच्यासोबत परतीची अटही बदलली, हे लक्षात येत नाही.

खाली दिसणारे स्टार वस्तूचे असतात. त्यातली निम्मी परीक्षणं दुसऱ्याच विक्रेत्याच्या मालाची असू शकतात. विक्रेत्याच्या नावावर बोट ठेवा, म्हणजे त्याचं स्वतःचं रेटिंग आणि पत्ता उघडतो. ही माहिती दाखवणं ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे ॲपला बंधनकारक आहे. पत्ताच सापडत नसेल तर पुढे जाऊ नका.

मग परतीची ओळ वाचा. ‘फक्त बदलून मिळेल’ आणि ‘पैसे परत’ यांत फरक आहे. सायकलिंगची लायनर शॉर्ट, म्हणजे वरून साधी पँट घालायची ती, पुष्कळदा अंतर्वस्त्रांच्या विभागात टाकलेली असते आणि त्या विभागाला परत नसते. तीच वस्तू दुसरा विक्रेता खेळाच्या कपड्यांत टाकतो आणि तिथे परत असते. वस्तू सारखीच, खण वेगळा.

जर्सी आणि शॉर्टचा जोड स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका. माणूस वरून एल आणि खालून एम असतोच. जोड एकच वस्तू धरला जातो, त्यामुळे शॉर्ट बसली नाही तर चांगली बसलेली जर्सीही परत द्यावी लागते.

ऑर्डर टाकली त्या दिवशी पानाचे स्क्रीनशॉट काढा. फोटो, कापडाची माहिती, पॅडचं वर्णन, मापाचा तक्ता, परतीची अट, सगळ्याचे. पान विक्रेत्याच्या हातात असतं, आज ‘जेल पॅड’ लिहिलेलं उद्या नुसतं ‘पॅड’ होऊ शकतं.

माप

आमच्या धंद्यात शिवलेला कपडा अंगाच्या मापापेक्षा नेहमी मोठा असतो, कारण शाळेच्या कापडाला ताण नसतो. लायक्राचं उलटं. जर्सी टेबलावर पसरून मोजली तर छाती तुमच्या छातीपेक्षा कमीच भरणार. म्हणून तक्त्यातला आकडा अंगाचा आहे की कपड्याचा, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही. तक्त्यात लिहिलं नसेल तर विक्रेत्याला प्रश्न विचारा. उत्तर देत नाही त्याच्याकडून घेऊ नका, परतीच्या वेळीही तो असाच गप्प बसेल.

बायकांसाठी वेगळं सांगते. ‘युनिसेक्स’ लिहिलेली शॉर्ट बहुतेक वेळा पुरुषांच्या पॅडची असते. आपली बसायची हाडं रुंद अंतरावर असतात, त्यामुळे बायकांचा पॅड मागे रुंद आणि लांबीला आखूड हवा. तुळजापूरला जाऊन यायचं असेल तर हा फरक घाटाच्या आधीच कळतो.

पार्सल फोडताना

एकाच सलग व्हिडिओत लेबल, पाकिटाची चिकटपट्टी, आतला माल आणि मालावरचा टॅग आला पाहिजे. मध्ये थांबवून परत सुरू केलेल्या व्हिडिओचा उपयोग नाही. पाकीट कडेनं कापा, फाडू नका. परत त्यातच जायचं असतं.

लगेच बिल बघा. त्यावर विक्रेत्याचं खरं नाव आणि जीएसटी क्रमांक असतो. क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्य सांगतात. २७ म्हणजे आपला महाराष्ट्र, ०३ पंजाब, ०७ दिल्ली, ३३ तामिळनाडू. बिलावरचं नाव आणि तुम्ही निवडलेला विक्रेता एकच आहे ना, तेवढं जुळवा.

मग कपडा उलटा करा. आतलं लेबल वाचा. पानावर नायलॉन-स्पँडेक्स आणि लेबलवर नुसतं पॉलिस्टर, असं असेल तर इथेच फोटो. मांडीच्या आतली शिवण चपटी, फ्लॅटलॉकची असायला हवी. तिथे साधं ओव्हरलॉक, म्हणजे जाड कड वर राहते ती शिवण, मारलेलं असेल तर ती कडा दोन तासांत कातडी सोलते. शिवण दोन हातांत धरून आडवी ताणा. टाका कटकन तुटल्याचा आवाज आला तर तो पीस रिजेक्ट, पुढे घालून बघायची गरजच नाही. पॅड चिमटीत दाबून सोडा. चांगला पॅड दाबाला जुमानत नाही आणि सोडला की लगेच उठतो, स्पंज पापडासारखा बसतो. मागचा भाग उजेडासमोर ताणून धरा. हात दिसला तर रस्त्यावर वाकल्यावर काय दिसेल, ते मी सांगायला नको.

घालून बघायची रीत

आंघोळ करून, अंग कोरडं करून, पंख्याखाली. तेल, क्रीम, पावडर काही नको. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, दुपारी घालून बघाल तर दहा मिनिटांत मिठाचे पांढरे डाग पडतील आणि पॅडला वास बसेल. तपासणारा माणूस आधी पॅडचाच वास घेतो. पातळ अंतर्वस्त्रावरूनच घाला. पॅडवरचं प्लॅस्टिक किंवा स्टिकर असेल तर काढू नका. टॅग तर मुळीच नाही.

बिब शॉर्ट, म्हणजे खांद्याला पट्टे असलेली, घालून सरळ उभं राहिलं की ते पट्टे ओढतात, आणि लोक लगेच ‘लहान झाली’ म्हणून परत टाकतात. ती वाकलेल्या अंगासाठीच कापलेली असते. खुर्चीच्या कडेवर बसा, हात पुढे टेबलावर ठेवा, एकेक गुडघा वर घ्या. पॅड जागचा हलला, मांडीचा सिलिकॉनचा पट्टा रुतला, जर्सी मागून कंबरेच्या वर गेली, तर माप चुकलं. सायकलवर मात्र बसू नका. सीटनं कापड लगेच चमकतं, आणि चेनचं काळं लागलं तर विषय संपला.

कारण कोणतं निवडायचं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ॲप विचारतं, का परत करताय? माणसाला वाटतं, ‘खराब’ म्हटलं की पटकन घेतील. माप बसलं नाही म्हणून ‘खराब’ लिहू नका. माल विक्रेत्याकडे पोचला, त्याला शिवण ठीक दिसली की माल तुमच्याकडेच परत येतो, आणि मग तुमच्या खऱ्या बोलण्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही. रिजेक्ट मारताना कारण चुकीचं लिहिलं तर आमच्याकडेही तो लॉट वाद होऊन परत येतो.

कायद्यानं दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माल सदोष, बनावट, किंवा पानावर दाखवला तसा नसेल, किंवा ठरल्या वेळेनंतर आला असेल, तर विक्रेत्याला तो परत घेणं किंवा पैसे देणं नाकारता येत नाही. हे २०२० च्या नियमांत स्पष्ट आहे. पण रंग आवडला नाही, मापाचा अंदाज चुकला, यासाठी परतीचा हक्क नाही. ती ॲपची किंवा विक्रेत्याची सवलत, त्यांच्या अटीप्रमाणे. म्हणून ‘परत नाही’ लिहिलेल्या वस्तूचंही लेबल पानाशी जुळत नसेल तर हार मानू नका. आणि नुसतं मापच चुकलं असेल तर कायद्याच्या गप्पा मारू नका, नम्रपणे बदलून मागा.

माप चुकलंय, पण ते विक्रेत्याच्याच तक्त्यामुळे, अशी मधली गोष्टही असते. तक्त्यात एम साठी कपड्याचा कंबरघेर ३२ इंच आणि टेप २८ दाखवतो. हे ‘बसलं नाही’ मध्ये टाकू नका, ‘वर्णनाप्रमाणे नाही’ मध्ये टाका. सोबत टेप लावलेला फोटो आणि तक्त्याचा स्क्रीनशॉट. मजकूर थोडका हवा:

‘आपल्या पानावर साईज एम साठी कपड्याचा कंबरघेर ३२ इंच दिला आहे. आलेल्या शॉर्टचा, न ताणता मोजलेला, २८ इंच आहे. फोटो जोडले आहेत. वस्तू वापरलेली नाही, टॅग लागलेले आहेत. पूर्ण रक्कम परत द्यावी.’

राग, उद्गारचिन्हं, ‘फसवणूक’ वगैरे पहिल्या निरोपात नको.

पिकअप

परतीची विनंती पहिल्याच दिवशी टाका. गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे आमच्या जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेत, नंदीध्वज निघतात तेव्हा गावठाणातले रस्ते बंद असतात. त्या आठवड्यात पिकअपवाला आलाच नाही तर मुदत संपायला नको. न येताच ‘ग्राहक घरी नव्हते’ असा निरोप आला, तर त्याच दिवशी चॅटमध्ये लिहा, कॉल आलाच नव्हता त्याचा स्क्रीनशॉट जोडा.

पिकअपवाला दारात टॅग, साईज, रंग बघतो. तो बघत असताना तुम्हीही फोटो काढा, आणि माल स्वीकारल्याचा निरोप फोनवर आल्याशिवाय त्याला सोडू नका. काही ठिकाणी पिकअपसाठी ओटीपी सांगावा लागतो, तो ॲपच्या नावानं आलेला आणि ‘परत’ असं लिहिलेला असतो. बँकेचा ओटीपी कुणालाच नाही. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. आणि कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका, ॲपच्या आतूनच घ्या. कुणी पैसे उडवलेच तर लगेच १९३० ला फोन.

‘तुमच्या भागात पिकअप नाही, स्वतः पाठवा’ असं सांगितलं तर स्पीड पोस्टनं पाठवा. खर्च कोण देणार, किती देणार, हे चॅटमध्ये लेखी घेऊनच. पावतीवर वजन असतं, ती जपा. रिकामं पाकीट आल्याचा दावा झाला तर ते वजनच तुमच्या बाजूनं बोलतं.

इन्स्टाग्रामवरच्या जर्सीवाल्यांबद्दलही विचारतात. आगाऊ पैसे, बिल नाही, पत्ता नाही. तिथे परतीची रीत शिकवण्यासारखं काही नाही.

अडलंच तर

ॲपकडे तक्रार करून तक्रार क्रमांक घ्या, मग त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल. नाव ॲपच्या तळाशी असतं. ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निकाल, असा नियम आहे. तोवर काही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. बहुतेक प्रकरणं तिथेच मिटतात, असा आमच्या ग्रुपचा अनुभव.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता दिल्लीचा असला तरी तक्रार तुम्ही राहता तिथे, म्हणजे सोलापुरातच करता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नं ती सोय दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. हजार रुपयांच्या शॉर्टसाठी एवढं करायचं का, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी तरी चार हजारांच्या बिबसाठी करेन.

पैसे जमा झाले की रक्कम बिलाशी ताडून बघा. डिलिव्हरीचा खर्च कापलेला असू शकतो, आणि माल सदोष असेल तर तोही मागा. ‘वॉलेटमध्ये लगेच, बँकेत उशिरा’ असं विचारलं तर बँक निवडा.