शहरांची तुलना कशी करावी: सोलापूरच्या एका टॉवेलवालीकडून

सोलापूरच्या माणसाला दोन सूर येतात. गावात असला की ‘काय ठेवलंय बे इथं’ आणि गाडी कुर्डुवाडीच्या पुढे सरकली की ‘आमच्या सोलापूरसारखं गाव नाही’. दोन्ही वेळा तो मनापासूनच बोलतो. पण समोरच्या पुणेकराला त्यातून काही कळत नाही आणि आपल्या नळालाही थेंबभर पाणी जास्त येत नाही. म्हणून जरा रीतसर कसं बोलावं, ते लिहिते आहे.

आमच्या घरचा धंदा टेरी टॉवेलचा. माग पूर्व भागात आहेत, ते भाऊ बघतो. ऑर्डरी आणणं, सॅम्पल दाखवणं, उधारी वसूल करणं माझ्याकडे. त्यामुळे इंदूर, सुरत, पुणे, कोल्हापूर इथले होलसेल बाजार मी बरीच वर्षं तुडवते आहे. दोन टॉवेल शेजारी ठेवायचे तर आधी साइज एक घ्यायची, मग वजन करायचं, मग धुऊन बघायचं. धुतल्याशिवाय भाव सांगणारा व्यापारी मी पाहिलेला नाही. शहरांचे भाव मात्र लोक रिक्षात बसल्या बसल्या सांगतात.

साइज एक घ्या

२०११ च्या जनगणनेत सोलापूर साधारण ९.५ लाखांचं, पुणे महापालिका ३१ लाखांची, कोल्हापूर ५.५ लाखांचं. पुण्याच्या महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक १२ हजार कोटी रुपयांच्या वर आहे. तुमच्या महापालिकेचं अंदाजपत्रक वेबसाइटवर मिळतं, ते काढा आणि लोकसंख्येने भागा. माणशी किती रुपये पडतात ते बघा, मग ‘पुण्यात असं असतं’ हे वाक्य तोंडातून काढा. त्यातही पगार आणि पेन्शन किती, नवीन कामाला उरतात किती, ही ओळ सगळ्यात आधी वाचा. बाकीची पानं नाही वाचली तरी चालतील.

माझ्या मते सोलापूरने पुण्याकडे बघून उसासे टाकणं बंद करावं आणि कोल्हापूर, लातूर, सांगली, नांदेड यांच्याकडे नीट बघावं. पण ते आपल्याला कमीपणाचं वाटतं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हा आपल्याकडे चहाच्या टपरीवर लातूरची चेष्टा करणारे कमी नव्हते. तेव्हा आपल्या नळाला रोज पाणी येत होतं का, एवढं त्यांनी स्वतःला विचारायला हवं होतं.

एक वस्तू घ्या आणि तिच्या मुळापर्यंत जा

सगळं शहर एकदम तोलू नका. मी उदाहरणाला पाणी घेते, कारण सोलापुरात दुसऱ्या कशावर बोललं तरी गाडी शेवटी पाण्यावरच येते.

माझा भाचा हिंजवडीत नोकरीला आहे. सणाला आला की बादल्या, पिंपं, छतावरच्या टाक्या बघतो आणि म्हणतो, “आत्या, पुण्यात रोज पाणी येतं. इथं पाच-पाच दिवस वाट बघताय. कसं राहता गं?” प्रश्न खोटा नाही. पण त्याचं उत्तर शोधायला नकाशा उघडावा लागतो.

पुण्याच्या डोक्यावर सह्याद्री आहे. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला ही चार धरणं एका साखळीत आहेत, आणि खडकवासला तर शहराला जवळजवळ चिकटलेलं. सोलापूरचं उजनी शंभर किलोमीटरच्या पलीकडे, माढा तालुक्यात, भीमेवर. तिथून पाइपलाइनने पाणी थेट शहरात येतं. शिवाय धरणातून भीमेत पाणी सोडायचं, ते वाहत वाहत औज बंधाऱ्यात साठायचं आणि टाकळीहून उचलायचं, अशी दुसरी सोय. नदीतून येणारं पाणी वाटेत जिरतं, उन्हाने उडतं, दोन्ही काठांचे पंप ओढतात. शहराला लागतं त्याच्या कितीतरी पट पाणी त्यासाठी सोडावं लागतं. तिसरा आधार एकरूख तलावाचा, म्हणजे आपल्या हिप्परग्याचा, इंग्रजांच्या काळातला.

उजनी लहान नाही. एकूण साठा ११७ टीएमसीच्या आसपास, त्यातला ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा, म्हणजे दारांच्या पातळीखालचं, एरवी न वापरायचं पाणी. साठा त्याच्या खाली गेला की मायनस, वर आला की प्लस. म्हणून आपल्याकडे ‘उजनी मायनसमध्ये गेलं’, ‘उजनी प्लसमध्ये आलं’ असं बोलतात. बाहेरच्या पाहुण्याला ते शेअर बाजारासारखं ऐकू येतं. २०२४ च्या उन्हाळ्यात ते खोल मायनसमध्ये होतं, पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं होतं. त्या देवळापाशी फोटो काढायला जी गर्दी झाली, तिच्यातल्या निम्म्या लोकांना हे आपलंच पिण्याचं पाणी खाली गेलंय याची आठवण असेल का, मला शंका आहे.

आता भाच्याला मी जे दाखवलं ते. पुण्याची मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते. पिंपरी-चिंचवडकडची इंद्रायणी तुळापूरला मिळते. तीच भीमा पुढे उजनीत येते. म्हणजे पुणं रोजचं वापरून जे सोडतं, त्यातलं शुद्ध केलेलं आणि न केलेलं, दोन्ही आपल्या धरणात. उन्हाळ्यात उजनीचं पाणी हिरवं होतं ते उगाच नाही. तेव्हा पुण्याची स्वच्छता मोजताना सांडपाणी प्रक्रियेचा आकडा धरा. आणि सोलापूरचं पाणी मोजताना वरच्या अंगाला कोण राहतं तेही धरा.

इथे सोलापूरकराने लगेच टाळी वाजवायची नाही. कारण पुढचा प्रश्न आपल्यालाच आहे. धरण लांब आहे हे एका दिवसाचं कारण झालं, दोन दिवसांचं झालं. टाक्यांपर्यंत आलेलं पाणी वाटेत कुठे गळतं, कुठल्या पेठेत दोन दिवसांनी येतं आणि हद्दवाढ भागात कधी येतं, किती जोडण्या नोंदीत नाहीत, याचा सह्याद्रीशी काही संबंध नाही. हद्दवाढ, म्हणजे आजूबाजूची गावं शहरात घेतली ती, १९९२ ची. तेव्हा जन्मलेल्या पोरांची पोरं आता शाळेत जातात, आणि आपण अजून तिला ‘नवीन भाग’ म्हणतो. भूगोलामुळे किती आणि कारभारामुळे किती, हे वेगळं काढता आलं की तुलना जमली असं समजा. काढता येत नसेल तर कॅलेंडरवर पाण्याच्या दिवसांवर खुणा करायला लागा. वर्षभराच्या खुणांपुढे कुणाचं भाषण टिकत नाही.

कोल्हापूरला पंचगंगा दाराशी असूनही काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनसाठी त्या लोकांनी किती वर्षं रस्त्यावर येऊन मागणी केली, ते एकदा वाचा. २०२३ च्या दिवाळीत ते पाणी शहरात आलं. नदी असलेल्या गावाने इतकी चिकाटी दाखवली, आणि नदी नसलेल्या गावात आपण टँकरवाल्याचा नंबर पाठ करून गप्प बसलो, ही तुलना मला पुण्यापेक्षा जास्त लागते.

नंबर बघू नका, आधी काय होतं ते बघा

इंदूर २०१७ पासून ओळीने स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलं. २०२३ च्या यादीत सुरत त्याच्या शेजारी बसलं. इंदूरचा माझा व्यापारी रस्त्यात कागद टाकू देत नाही, त्याच्या दुकानात ओला, सुका असे वेगळे डबे आहेत आणि कचऱ्याची गाडी गाणं वाजवत वेळेवर येते. पण २०१६ साली पहिला नंबर म्हैसूरचा होता, आणि इंदूर पहिल्या दहातही नव्हतं. ‘ते लोकच तसे’ म्हणून सुटका करून घेणाऱ्यांनी हे सांगावं की ते लोक एका वर्षात बदलले कसे. बदलली ती गाडीची वेळ. कोपऱ्यावरच्या कचराकुंड्या उचलल्या, दारात गाडी आणली, वेगळा केलेला कचरा पुढे वेगळाच नेला. आपण घरी वेगळा करायचा आणि गाडीत एकत्र ओतायचा, असं झालं की दोन आठवड्यांत कुणीही कंटाळतो. इंदूरचा माणूसही कंटाळला असता.

सुरत मला जास्त जवळचं. आमच्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातले पुष्कळ जण तिथे मागावर आहेत, नातेवाईक आहेत. १९९४ च्या सप्टेंबरात तिथे प्लेग आला आणि लोक मिळेल त्या गाडीने पळाले. पुढच्या वर्षी एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. झोनच्या अधिकाऱ्यांना अधिकार दिले आणि त्यांना रोज काही तास वॉर्डात फिरायला लावलं. बेकायदा बांधकामं पाडली, घाण करणाऱ्या हॉटेलांना दंड केले. म्हणून सुरतेहून येणाऱ्याला ‘तुमचं गाव किती छान’ म्हणण्याऐवजी विचारा, ‘तुमच्या गल्लीत अधिकारी किती वाजता येतो?’ असल्या प्रश्नाची उत्तरं घरी घेऊन जाण्यासारखी असतात. एक मात्र ध्यानात ठेवा, सुरतेत पैसा आहे. हिरा आहे, कापड आहे. आपल्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि त्यांच्याबरोबर पगारी घरं गेली. सुरतची पद्धत आणता येते, सुरतची घरपट्टी आणता येत नाही.

अभिमान कुठे चालतो

१९३० साली सोलापूरच्या नगरपालिकेवर तिरंगा लागला. त्याच वर्षी मे महिन्यात इंग्रजांनी इथे मार्शल लॉ लावला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकृष्ण सारडा आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली. यावर ज्याचा ऊर भरून येत नाही तो सोलापूरचा नाही. पण कुणी खड्ड्याबद्दल बोललं की लगेच चार हुतात्मे पुढे करायचे, ही सवय मोडा. त्या नगरपालिकेने झेंडा लावला होता आणि शहरही चालवलं होतं. हुतात्म्यांची नावं घेतली की टीका करणारा गप्प बसतो, कारण त्याच्यापुढे बोलायला जागाच राहत नाही. ते आपलं जिंकणं नव्हे.

चादरीचंही तेच. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेललाही जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. तरी ‘सोलापुरी चादर’ म्हणून पानिपतचा माल देशभर खपतो, आणि आपल्याच बाजारात तो विकणारे आहेत. चादरीचे माग कमी कमी होत गेले, बहुतेक कारखाने टॉवेलवर गेले, आमचाही त्यातलाच. तेव्हा बाहेर चादरीचा गर्व सांगताना घरी कुठली चादर आहे ते उलटून बघा.

गर्व करायचाच तर जे आज चालू आहे त्याचा करा. आमच्या घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात कन्नड आणि उर्दू कानावर. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ, संक्रांतीला सिद्धेश्वराचे नंदीध्वज. चार भाषांचं गाव फारशी कुरकुर न करता रोज उघडतं आणि बंद होतं. हे पुण्याला अजून शिकायचंय, असं मी भाच्याला म्हणते. तो हसतो. शेंगा चटणीचा डबा मात्र न विसरता नेतो.

बोलतंय कोण?

गाव सोडून गेलेल्यांनी टीका करू नये, असं मी म्हणणार नाही. त्यांना दोन गावं माहीत असतात, आपल्याला एकच. फक्त त्यांना विचारावं की ही माहिती कुठल्या सालची. विमान नाही म्हणून नाक मुरडणारे मला अजून भेटतात. विमानाच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी २०२३ च्या जूनमध्ये पाडली, २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, हे त्यांच्यापर्यंत पोचलेलं नसतं. चिमणी पाडणं बरोबर होतं का, यावर भांडा, खुशाल भांडा. त्या भांडणाला आधी ताजी बातमी तरी हवी.

आणि इथे राहणाऱ्यांनी ‘पुण्यात नगरसेवक ऐकतात’ वगैरे म्हणू नये. २०२२ मध्ये आपल्या नगरसेवकांची मुदत संपली तशी त्यांचीही संपली, आणि पुढची काही वर्षं दोन्हीकडे प्रशासकच होता.

पाहुण्याला शहर दाखवताना भुईकोट, सिद्धेश्वर, भैया चौकातलं डॉ. कोटणीसांचं घर एवढं दाखवून स्टेशनवर सोडू नका. एक चक्कर पूर्व भागातल्या मागांच्या गल्लीतून मारा, एक हद्दवाढ भागातल्या कच्च्या रस्त्यावरून. तो काहीतरी बोलेल. बोलू द्या. त्याच्या गावात त्याच गोष्टीचं काय होतं ते विचारून घ्या, आणि लिहून ठेवा.

टीकेला पत्ता द्या

‘महापालिका काही करत नाही’ ही टीका कुणाच्याच टेबलावर पोचत नाही. झोन कुठला, टाकी कुठली, काम कुठल्या वर्षी मंजूर झालं, हे तीन शब्दांत आलं पाहिजे. त्यासाठी २००५ चा माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा. अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवायचा, महाराष्ट्रात तसा नियम आहे. उत्तराची मुदत ३० दिवसांची. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पहिलं अपील. हिंजवडीतून पोस्टानेही पाठवता येतो, म्हणून गाव सोडलेल्यांनाही सबब नाही.

अर्जात ‘आमच्याकडे पाणी का येत नाही’ असं विचारू नका, त्याचं उत्तर मिळत नसतं. आपल्या टाकीचं नाव घाला आणि गेल्या तीन महिन्यांत तिथून कुठल्या भागाला कधी पाणी सोडलं त्या नोंदवहीची प्रत मागा. ती आली की कॅलेंडरवरच्या खुणांशेजारी ठेवा.