गळतीच्या शोधात इंजिन उतरवण्याआधी

मागच्या खेपेस माझ्या जुन्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या बेल हाऊसिंगखाली, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाखाली, ऑइलचे थेंब दिसले, तेव्हा मागचे ऑइल सील गेले असे मी पाहताक्षणी ठरवले, सबंध इंजिन उतरवले, सील बदलले, सारे पुन्हा जोडले, आणि आठवडाभरात त्याच जागी तोच डाग हजर झाला. सीलचा काही दोष नव्हता. क्रँककेसचा, म्हणजे क्रँकशाफ्ट असलेल्या इंजिनाच्या खालच्या भागाचा, ब्रीदर (आतला वायू बाहेर सोडणारी वाट) काजळीने बुजला होता. त्यामुळे या तयारीत ब्रीदरचा उल्लेख कंटाळा येईपर्यंत होणार आहे.

जॅक स्टँड, चाकांना ठोकळे, हातमोजे आणि चांगली विजेरी यांवर लिहिण्यासारखे काही नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये, एवढे पुरे.

प्रथम गळते आहे ते काय, हे ओळखावे. रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा अंथरून त्यावर पुढच्या चाकांच्या जागा आखून ठेवाव्यात, म्हणजे थेंब कोणत्या भागाखाली पडला हे सकाळी समजते. कूलंटला गोडसर वास येतो. तो विषारी असल्याने चाखून पाहण्याचा शहाणपणा करू नये. ब्रेक आणि क्लचचे फ्लुइड रंगावर पडले तर रंग सोडवते. गिअर ऑइल गंधकाच्या उग्र वासावरून ओळखता येते. परंतु एमजीबीच्या साध्या, म्हणजे हाताने गिअर बदलायच्या, गिअरबॉक्समध्ये इंजिनाचेच ऑइल भरतात, त्यामुळे बेल हाऊसिंगखालच्या थेंबाबाबत नाकाचा उपयोग होत नाही आणि दोन्हीकडच्या पातळ्या तपासाव्या लागतात.

यानंतर, कोणत्याही नटाला पाना लावण्यापूर्वी, ब्रीदर पाहावा. पिस्टन रिंगांमधून ज्वलनाचा थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतच असतो. त्याला ब्रीदरवाटे बाहेर जाता आले नाही तर आत दाब साठतो आणि जेथे गॅस्केट किंवा सील जरा कमकुवत असेल तेथून ऑइल बाहेर ढकलले जाते. परीक्षा सोपी आहे: इंजिन गरम करून आयडलवर चालू ठेवावे, ऑइल भरण्याचे झाकण काढावे आणि त्या तोंडावर पातळ कागद ठेवावा. कागद किंचित आत ओढला गेला तर ठीक. तो उडू लागला तर बाकीचा शोध तेथेच थांबवून ब्रीदर उघडावा. एमजीबीत पुढच्या टॅपेट कव्हरवर (इंजिनाच्या बाजूच्या दोन झाकणांपैकी पुढच्यावर) एक नळकांडे असते आणि त्याच्या आत तारेची जाळी असते. ती बाहेर काढता येत नाही, म्हणून कव्हर उतरवून रात्रभर सॉल्व्हंटमध्ये बुडवून ठेवावे व सकाळी हवेच्या झोताने साफ करावे. माझ्या कव्हरमधून निघालेला गाळ डांबरासारखा होता. वरची रबरी नळी आतून सुजून बंद झालेली नाही ना, हेही पाहावे; बाहेरून ती धडधाकट दिसते. ब्रीदर स्वच्छ करूनही कागद उडत असेल तर रिंगांवर संशय घ्यावा आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरांतला दाब, तपासावे.

सुरुवातीच्या, म्हणजे 1964 पर्यंतच्या, क्रँकशाफ्टला तीनच बेअरिंगांचा आधार असलेल्या इंजिनांना तर ब्रीदर अधिकच महत्त्वाचा, कारण तेथे मागे रबरी सील नसते. क्रँकशाफ्टवर कोरलेले उलटे आटे फिरताना ऑइल आत ओढतात, एवढाच बंदोबस्त असतो. अशा इंजिनाचे चार थेंब सोसावे लागतात.

ब्रीदर झाला असेल तरच पुढे जावे. थंड इंजिनावर डीग्रीझर मारून ब्रशने घासावे, आधी डिस्ट्रिब्युटर, कॉइल, कार्ब्युरेटर आणि अल्टरनेटर पिशव्यांनी झाकून. पेट्रोलने धुऊ नये. कारण सांगायला नको. ऑइल खाली ओघळते आणि धावत्या गाडीत वाऱ्याने मागे सरकते, त्यामुळे सर्वांत जास्त ओला भाग बहुधा निर्दोष असतो. सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा ओला ठिपका हाच खरा आरोपी. न धुतलेल्या इंजिनावर तो सापडत नाही.

धुतल्यावर बाटलीवरील प्रमाणानुसार इंजिनाच्या ऑइलमध्ये यूव्ही डाय (अतिनील प्रकाशात चमकणारा रंग) घालावा, गाडी वीसेक मिनिटे चालवावी, आणि अंधारात यूव्ही दिवा धरून वरून खाली पाहत यावे. बेल हाऊसिंगखालचा थेंब चमकला तर ते इंजिनाचे ऑइल, न चमकला तर गिअरबॉक्सचे. तेवढ्यावरून सीलला दोष देऊ नये: मागच्या टॅपेट कव्हरचे ऑइलही ओघळत नेमके तेथेच येते.

रॉकर कव्हरचे (इंजिनावरच्या पत्र्याच्या झाकणाचे) कॉर्कचे गॅस्केट गळते म्हणून नट आवळत सुटू नये. पत्रा वाकतो आणि गळती वाढते. टॅपेट कव्हरांचेही तेच. फिल्टर बदलताना जुने रबर मागे चिकटून राहिले नाही ना, ड्रेन प्लगचा वॉशर, ऑइल कूलरच्या नळ्या, पुढचे टायमिंग कव्हर, ऑइल चेंबर: याच क्रमाने पाहावे. सीलंट पातळ लावावा, कारण जास्तीचा आत पडून गाळणी बुजवतो.

जोडणीनंतर शंभर किलोमीटर झाले की पुठ्ठा पुन्हा अंथरावा आणि ऑइल भरण्याच्या तोंडावर कागदही पुन्हा ठेवावा.